हिरव्या शाईतली रजा

एका जंगलात, बाळांनो, एक कचेरी होती. जंगल कुठलं ते विचारू नका. नकाशा कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो सध्या रजेवर आहे.

या कचेरीत राजाची जुनी कागदपत्रं ठेवलेली असत. कोणत्या वाघाने कोणत्या साली कुठे डरकाळी फोडली, पाणवठ्यावर कोणत्या हरणाने वाघाविरुद्ध तक्रार केली, त्या तक्रारीची चौकशी कोणत्या वाघाने केली, असले सगळे कागद. ते कोणीच वाचत नसे. म्हणून ते जपणं फार महत्त्वाचं होतं.

कागद म्हटले की वाळवी आली. वाळवी म्हटली की तिला खाणारं खवल्या मांजर आलं. अंगभर टणक खवले, हातभर जीभ, तोंडात एकही दात नाही, आणि कोणी नुसता आवाज चढवला तरी अंगाची गुंडाळी करून गप्प बसायची सवय. सरकारी नोकरीला इतका लायक प्राणी देवाने दुसरा केला नाही. राजाने असा एक खवल्या शोधला आणि त्याला कारकून नेमलं. दप्तरात त्याचं नाव लागलं, खवले.

हा खवले हुशार होता असं मी म्हणणार नाही. मी त्याला फार जवळून ओळखतो. अक्षर मात्र चांगलं होतं.

कचेरी होती नदीपलीकडच्या एका गुहेत. कधी काळी तिथे तिघं होते. गवासाहेब मोठ्या खुर्चीत बसत. साळूबाई नावाची साळींदर हेडक्लार्क होती, ती मधल्या खुर्चीत बसे. दाराजवळच्या लहान खुर्चीत खवले. नदी आटली तशी आजूबाजूची वस्ती उठून गेली. मग साळूबाई निवृत्त झाल्या. जाताना म्हणाल्या, "खवले, तब्येत सांभाळा. आणि स्वतःशी बोलू नका हो. मी शेवटी शेवटी बोलायला लागले होते."

"मग काय झालं?" खवलेने विचारलं.

"काही नाही. पटेना आमचं."

त्यानंतर गवासाहेबांची राजधानीत बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, एक आदेश तेवढा आला. 'पुढील आदेश होईपर्यंत साहेबांच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार श्री. खवले यांनी सांभाळावा.'

खवलेला आनंद झाला. गाढवाला व्हावा तसा झाला. त्याने मोठी खुर्ची पुसली, टेबलावरची घंटी वाजवून पाहिली, हिरव्या शाईची बाटली उघडून वास घेतला. तुम्हाला ठाऊक असेल, कारकून निळ्या शाईने लिहितो आणि हिरवी शाई फक्त साहेबांची. कारकुनाने हिरवा ठिपका जरी काढला तरी त्याची चौकशी लागते.

आता अडचण काय झाली ते ऐका. नियम असा होता की टिपणी लिहिणाऱ्याने स्वतःच ती मंजूर करायची नाही. लिहिणारा वेगळा, सही करणारा वेगळा. दुसरा कोणी साधा प्राणी असता तर त्याने बसल्या जागी दोन्ही सह्या ठोकल्या असत्या. पण आमचा खवले नियमाचा पक्का. त्याने तोडगा काढला. लहान खुर्चीत बसून निळ्या शाईने लिहायचं, 'सादर'. मग उठायचं, टेबलाला वळसा घालायचा, मोठ्या खुर्चीत बसायचं, चेहरा थोडा ताठ करायचा, जणू पहिल्यांदाच वाचतोय असा कागद वाचायचा आणि हिरव्या शाईने सही करायची. मग पुन्हा वळसा, पुन्हा लहान खुर्ची, 'सही होऊन आली' म्हणून समाधान.

टेबल आणि कपाट यांच्यामधली फट अरुंद होती. जाता-येता अंग घासायचं. एकदा पाठीवरचा एक खवला निघून खाली पडला. आता कचेरीत सापडलेली वस्तू टाकून द्यायची तर आधी साहेबांची मंजुरी हवी. म्हणून खवलेने तो खवला मोठ्या खुर्चीवर ठेवला आणि टिपणी लिहिली, 'एक खवला सापडला आहे, आदेशार्थ सादर.' वळसा घालून शेरा मारला, 'जपून ठेवावा.' त्या वळशात अजून एक पडला.

महिनाभर असंच चाललं. आठ-दहा दिवसांतून एकदा टिटवी टपाल घेऊन यायची, तेवढीच जिवंत सोबत. ती दारातूनच ओरडायची आणि उडायची. मुख्यालय, म्हणजे नेमणुकीची जागा, सोडून जायला साहेबांची परवानगी लागते, म्हणून खवले घरीही जात नसे. घर लांब नव्हतं. सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत पोचता आलं असतं. घरी द्वारका होती, त्याची बायको. ती गरोदर होती.

एका सकाळी टिटवी आली ती दारात न ओरडता आत शिरली.

"अहो खवले, मुलगी झाली तुम्हाला! काल पहाटे. दोघी बऱ्या आहेत. बाराव्या दिवशी बारसं आहे, तुमची बहीण नाव ठेवायला येतेय. द्वारकाबाई म्हणाल्या, एवढ्याला तरी या म्हणावं."

खवलेला रडू आलं. त्याने टिटवीला बसायला मधली खुर्ची दिली. वर्षात त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. त्याने विचारलं, "कशी आहे दिसायला?"

"गुलाबी आहे. खवले अजून मऊच आहेत. आईच्या शेपटीवर बसून असते दिवसभर."

"येतो म्हणून सांगा. नक्की येतो."

बारशाला बापाला खरं तर काही काम नसतं. आत्या बाळाच्या कानात कुर्र करते, बायका पाळणा म्हणतात, बाप पंगतीत वाढायला उभा राहतो. पण नाव ठेवताना तिथे असावं, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात त्याने दुसरं काही इतकं मनापासून मागितलेलं नाही. हे मी शपथेवर सांगतो.

टिटवी उडाली. त्याच क्षणी निघाला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याने निळी शाई घेतली आणि रजेचा अर्ज लिहिला.

'श्री. खवले यांना मुलीच्या बारशासाठी रजा मिळावी. सादर.'

तो उठला, वळसा घालून मोठ्या खुर्चीत बसला, चेहरा ताठ केला, अर्ज वाचला आणि 'मंजूर' लिहायला लेखणी टेकवली. गवासाहेबांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती बिचाऱ्याने. गवासाहेबांनी नऊ वर्षांत कुठल्याही कागदावर पहिल्या फटक्यात एकच शेरा मारला होता. खवलेच्या हाताने सवयीने तोच मारला.

'चर्चा करावी.'

लिहून झाल्यावर त्याने कपाळाला हात लावला. पण हिरव्या शाईत खाडाखोड चालत नाही. करायची तर दुसऱ्या साहेबाची सही लागते. दुसरा साहेब कुठून आणणार? म्हणून तो लहान खुर्चीत गेला आणि चर्चा करायला लागला.

"साहेब, मुलगी झालीय."

वळसा.

"अरे वा. अभिनंदन. पण तुम्ही गेल्यावर काम कोण बघणार?"

वळसा.

"साहेब, आपण आहात ना."

वळसा.

"मी? कारकुनाचं काम मी करू?"

इथे तुम्ही हसाल. हसा. मलाही तेव्हा गंमतच वाटली असेल. पण मोठ्या खुर्चीत बसलं की एक चमत्कार होतो. तिथून दाराजवळची खुर्ची फार लहान दिसते आणि तिच्यात बसणारा कोणीही कामचुकार वाटतो. तिथे बसून खवलेला मनापासून वाटलं की हा खवले जरा अतीच करतोय. आत्ता बारसं म्हणतोय, उद्या तिचं लग्न काढील.

जन्मापासून पाचव्या दिवशी शेरा आला, 'मुलगी झाल्याचा पुरावा जोडावा.' सहाव्या दिवशी, 'मुलीचे नाव नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर.' खवलेने नम्रपणे लिहिलं की नाव बारशाला ठेवतात आणि बारशासाठीच रजा हवी आहे. सातव्या दिवशी त्यावर शेरा पडला, 'नाव ठरल्यावर विचार करता येईल.'

प्रत्येक शेऱ्याला एक वळसा आणि प्रत्येक वळशाला दोन-चार खवले. मोठ्या खुर्चीवर ढीग साचत चालला होता. टाकून देता येत नव्हते, म्हणून खवलेला त्या ढिगाच्या पुढे, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसावं लागे. पाठीला ते टोचत. कधी कधी गरम लागत.

आठव्या दिवशी भर दुपारी तो आपल्या लहान खुर्चीत बसून लिहीत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. साहेबांच्या टेबलावरची घंटी वाजली.

खवले उठून उभा राहिला. घंटी वाजली की उभं राहायचं, ही नऊ वर्षांची सवय. उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण इथे आहोत आणि घंटी तिथे आहे.

"साहेब?" तो म्हणाला. आणि उत्तर द्यायला वळसा घालणार, तोच उत्तर आलं.

"बसा. तुम्ही कशाला उठता प्रत्येक वेळी? वेळ जातो."

आवाज त्याचाच होता. थोडा ताठ केलेला. मोठ्या खुर्चीत खवल्यांचा ढीग होता. त्याला आता पाठ होती, खांदे होते, आणि पुढ्यात हिरव्या शाईची लेखणी उभी होती. लेखणी धरलेली होती.

तुमच्यासारखा कोणी असता तर किंचाळत पळाला असता. खवलेला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. चला, म्हणाला, वळसे वाचले. असा हा प्राणी. याच्यासाठी रडावं की याला चार लगावाव्यात ते मला अजून कळलेलं नाही.

नवव्या दिवशी हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे हिरव्या शाईने 'उशीर' असं लिहिलेलं होतं. तो रात्रंदिवस त्याच गुहेत असायचा. त्याने खुलासा लिहून दिला आणि माफी मागितली. दहाव्या दिवसापासून तो आत यायच्या आधी दारावर टकटक करायला लागला.

अकराव्या दिवशी टिटवी आली. दारातच थबकली.

"खवले कुठेत?" तिने विचारलं.

"मीच खवले," लहान खुर्चीतला उघडा, गुलाबी, सोललेला जीव म्हणाला.

टिटवीने त्याच्याकडे पाहिलं, मग मोठ्या खुर्चीकडे पाहिलं. "ते कोण?"

"साहेब आहेत. माझी रजा त्यांच्याकडे पडून आहे."

"अहो, उद्या बारसं आहे. रजा राहू दे, चला माझ्याबरोबर. आत्ता." ती दोन पावलं आत आली. "चला हो. असं बसू नका तिथे."

खवलेने मोठ्या खुर्चीकडे पाहिलं. तिथले खवले सळसळले.

"विनापरवानगी मुख्यालय सोडता येत नाही, टिटवीबाई," तो म्हणाला. "टपाल ठेवा. पोच देतो."

त्याने पोच दिली. टिटवी गेली. त्या वेळी तो तिच्या पायाला धरून लोंबकळला असता तरी चाललं असतं. पण त्याने पोच दिली, आणि वर तारीख नीट टाकली.

बाराव्या दिवशी दुपारी दारात द्वारका उभी होती. टिटवीने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती बाळंतपणाच्या अंगाने सगळी वाट चालून आली होती. पाय धुळीने माखलेले होते. शेपटीवर एक गुलाबी गोळा झोपलेला होता.

खवले उठला. हात पुढे केला.

"भाऊ," द्वारका त्याला म्हणाली, "खवले कुठे बसतात हो?"

भाऊ म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याला.

त्याला ओरडून सांगायचं होतं, द्वारके, मी आहे. तोंड उघडलं आणि नऊ वर्षांत दाराशी आलेल्या प्रत्येकाला जे म्हटलं तेच बाहेर पडलं.

"काय काम आहे? चिठ्ठी भरा."

तिने चिठ्ठी भरली. काम या रकान्यात लिहिलं, 'नवऱ्याला घरी न्यायला आले आहे.' खवलेने ती चिठ्ठी आत नेऊन साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी ती वाचली. मग टेबलाच्या कप्प्यातून रजेचा अर्ज काढला, सगळे शेरे वरून खालपर्यंत वाचले, आणि तळाशी हिरव्या शाईने सावकाश लिहिलं.

'श्री. खवले यांना रजा मंजूर.'

बाळांनो, त्या क्षणी खवले जितका सुखी झाला तितका सुखी झालेला दुसरा कोणी मी पाहिला नाही. तो हसला. डोळ्यांतून पाणी आलं. तो दाराकडे वळला.

मागे खुर्ची सरकली.

साहेब उठले होते. पहिल्यांदाच. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकेक खवला जागच्या जागी होता, लख्ख, टणक. डाव्या खांद्यावरचा एक कोपऱ्यात तुटलेला होता. लग्नानंतर पहिलं बीळ खणताना दगड लागून तुटलेला.

"साहेब," खवले म्हणाला, "रजा माझी आहे."

"आदेशात खवले लिहिलंय," साहेब म्हणाले. "पदभार कोणाकडे आहे? खवल्यांकडेच ना? मग मी कोण?"

खरं सांगायचं तर खवलेला तो मुद्दा बिनतोड वाटला.

"मी परत येईपर्यंत," साहेब त्याच्या उघड्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे."

ते बाहेर आले. द्वारकेने तुटका खवला पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला. "अहो," म्हणाली, "किती वाट पाहायला लावलीत." बाळ जागं झालं, आईच्या शेपटीवरून उतरलं आणि त्यांच्या शेपटीवर चढलं.

वाटेत द्वारका एकदा त्यांच्या अंगावर रेलली. थोडी थबकली. "फार हलके झालात हो," ती म्हणाली. मग तिने पाऊल उचललं. घरी नणंद खोळंबली होती, ऊन उतरायला लागलं होतं.

बारसं छान झालं. आत्याने कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं, वारुळी.

आता तू विचारणार, मला माहीत आहे. तू माझ्या शेपटीवर बसून मघापासून तेच विचारायचं म्हणून चुळबुळ करते आहेस, वारुळी. की बाबा, मग तुम्ही त्यांतले कोणते?

मी तो, ज्याची रजा मंजूर झाली.

तुझी आई म्हणते तसा मी चालताना फार वाजतो. मिठी मारताना जोरात मारायची नाही, हे तुला शिकवलंय ते यासाठीच. आत काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. एक-दोनदा वाटलं पाहावं, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागेल, आणि तो मंजूर कोण करणार? तूर्त मी पंगतीत वाढतो, तुम्हा पोरांना गोष्टी सांगतो, गोष्टीतल्या त्या बावळटाला हसतो. सगळे म्हणतात, खवले घरी आल्यापासून माणसात आले.

निघताना मी एकदा मागे वळून पाहिलं होतं, एवढं कबूल करतो. तो दारात उभा होता. रडत होता. मग आत गेला, जावक नोंदवहीत निळ्या शाईने काहीतरी लिहिलं आणि वर तारीख टाकली. अक्षर चांगलंच होतं त्याचं.

टिटवी अजून आठ-दहा दिवसांनी येते. ती माझ्याशी बोलत नाही, पत्र टाकते आणि उडते. दर वेळी निळ्या शाईत एकच ओळ असते. 'साहेब, आपण कधी रुजू होणार? मुलीचे नाव काय ठेवले, ते कळावे.'

मी ते वाचतो. खरंच मनापासून वाचतो. दर वेळी वाटतं, निदान नाव तरी कळवू या, तेवढ्यासाठीच तर बिचाऱ्याने सगळं केलं. हिरवी लेखणी घेतो, कागदावर टेकवतो, आणि हात सवयीने लिहून मोकळा होतो.

'चर्चा करावी.'

तात्पर्य : रजा हवी असेल तर अर्ज करत बसू नये, साहेब व्हावं. घरच्यांना फरक कळत नाही. आणि कळला, तरी बारशाच्या दिवशी कोणी बोलून दाखवत नाही.